रिसॉर्टच्या पाण्यात माणूस दगावला तर: जबाबदारी कोणाची आणि ती सिद्ध कशी करायची

कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याच्या पायथ्याला, राधानगरी-दाजीपूरच्या वाटेवर, तुळशी आणि काळम्मावाडी धरणांच्या फुगवट्याच्या काठाने फार्महाऊस, कृषी पर्यटन केंद्रे आणि रिसॉर्ट उभी राहिली आहेत. बहुतेकांची जाहिरात पाण्यावरच चालते: स्विमिंग टँक, रेन डान्स, बोटिंग, कयाक. दुर्घटना झाली की मात्र ते पाणी कोणाचेच नसते. मॅनेजर म्हणतो पाहुणे सांगूनही ऐकले नाहीत, मालक म्हणतो जागा चालवायला दिली आहे, बोटवाला म्हणतो मी रिसॉर्टचा माणूसच नव्हे.

ही माहिती मृताच्या घरच्यांसाठी आहे, आणि अशा वेळी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात आणि सीपीआरला (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) धावणाऱ्या जाणत्या माणसासाठी. दावा दाखल व्हायला सहा-आठ महिने लागतात, पण तो टिकणार की नाही हे पहिल्या तीन दिवसांतले कागद ठरवतात.

पहिली रात्र: तीन चुका टाळा

पहिली चूक म्हणजे शवविच्छेदन नाकारणे. "आधीच गेलाय, आता चिरफाड कशाला" ही भावना समजण्यासारखी आहे. पण शवविच्छेदन नसेल तर पुढे रिसॉर्टचा वकील पहिलेच वाक्य म्हणणार की मृत्यू हार्ट अटॅकने झाला, बुडून नव्हे. फुप्फुसांची स्थिती, श्वासनलिकेतला फेस, डोक्यावरची जखम, मानेच्या मणक्याचे फ्रॅक्चर हे सगळे त्याच अहवालात येते. व्हिसेरा (तपासणीसाठी राखलेले आतले अवयव) आणि रक्तातले अल्कोहोल यांचे नमुनेही त्याच वेळी घेतले जातात, त्यांचा प्रयोगशाळेचा अहवाल वेगळा येतो. उथळ टँकमध्ये सूर मारून मान मोडणे, बुडणे आणि पाण्यात वीज उतरणे, या तिन्हींत रिसॉर्टचा दोष वेगवेगळा असतो.

विजेचे खास लक्षात ठेवा. "पाण्यात झिणझिण्या आल्या" किंवा "लाइट लागल्यावर तो ओरडला" असे सोबतचा कोणी म्हणत असेल तर ते शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना आणि तपास अधिकाऱ्यांना आधीच सांगा. ओल्या अंगावर विजेच्या धक्क्याने भाजल्याची खूण उमटेलच असे नाही. सांगितले नाही तर डॉक्टर ते शोधणार नाहीत आणि अहवालात नुसते "बुडून मृत्यू" येईल. शंका असेल तर विद्युत निरीक्षकांकडून तपासणीची लेखी मागणी करा, आणि ती वायरिंग बदलायच्या आत.

दुसरी चूक जबाबात होते. अशा मृत्यूची नोंद पोलीस प्रथम अकस्मात मृत्यू म्हणून घेतात आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चौकशी सुरू होते. त्या वेळी नातेवाइकांचा जो जबाब टाइप होतो, त्याच्या शेवटी बहुतेक वेळा एक ठरलेले वाक्य असते: "सदर मृत्यूबाबत आमची कोणाविरुद्ध तक्रार अथवा संशय नाही." ते सवयीने टाइप होते. रात्री दोन वाजता, मृतदेह ताब्यात मिळायच्या घाईत, कोणीही त्याखाली सही करतो. जबाब पूर्ण वाचा आणि ते वाक्य काढायला सांगा. त्याजागी "रिसॉर्ट चालकाच्या निष्काळजीपणाबाबत आमची तक्रार असून ती स्वतंत्र देत आहोत" एवढे घाला. सही होऊन गेली असेल तरी सगळे संपत नाही, दुसऱ्या दिवशी लेखी पुरवणी जबाब द्या. मात्र उलटतपासणीत त्या पहिल्या सहीचा उल्लेख होणार हे धरून चला.

तिसरी चूक सीसीटीव्हीबाबतची. डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) हार्डडिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. कॅमेरे किती आणि डिस्क केवढी यावर अवलंबून हे सात दिवसांतही होते, महिन्यानेही होते. "फुटेज पाहून सांगतो" असे मॅनेजर म्हणाला तर त्याच्या भरवशावर राहू नका. पोलीस निरीक्षकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. मजकूर इतका पुरे:

"दि. ___ रोजी ___ येथील रिसॉर्टच्या स्विमिंग टँकमध्ये बुडून ___ यांचा मृत्यू झाला. सदर ठिकाणचा सीसीटीव्ही डीव्हीआर हार्डडिस्कसह, त्या दिवसाची पाहुणे नोंदवही, जीवरक्षकाचे हजेरीपत्रक, टँकच्या देखभालीची वही व बोटीची कागदपत्रे तातडीने जप्त करावीत. टँकची खोली चारही कोपऱ्यांत व मध्यभागी मोजून, पाण्याचा गढूळपणा, दिवे, सूचनाफलक व बचाव साहित्य यांची नोंद छायाचित्रांसह घटनास्थळ पंचनाम्यात घ्यावी."

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे चित्रीकरण करणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे. त्यामुळे "डिस्क तेव्हाच कोरी होती" असे नंतर सांगणे अवघड जाते.

तुमच्या ग्रुपने काढलेले फोटो आणि व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत वेळ-ठिकाणाचा तपशील राहत नाही आणि चित्रही दाबले जाते. पुढे ते पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि ते मूळ उपकरणावरून करायचे असते. तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

एक छोटी गोष्ट: मृत्यूचा दाखला मृत्यू जिथे घोषित झाला तिथल्या संस्थेकडून मिळतो. राधानगरी तालुक्यात बुडालेल्या माणसाला सीपीआरमध्ये मृत घोषित केले असेल तर नोंद कोल्हापूर महापालिकेत होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. यात लोकांचे आठवडेच्या आठवडे वाया जातात.

गुन्हा दाखल होत नसेल तर

निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत होणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) चा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये कमाल दोन वर्षेच होती. गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र आहे. म्हणून "मालकाला लगेच सोडला" यावरून केस मिटवली असा अर्थ काढू नका.

तीन ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि हे कलम त्यात बसते. "चौकशी चालू आहे" हे उत्तर त्यामुळे चौदा दिवस कायदेशीर आहे. त्यानंतर पोलीस अधीक्षकांकडे स्पीड पोस्टने अर्ज करा. तरीही हालचाल नसेल तर शपथपत्रासह प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) चा अर्ज. पायरी गाळून थेट न्यायालयात गेलात तर अर्ज तिथेच अडकतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि दोषारोपपत्र यांच्या नकला न्यायालयातून काढा.

दोष नेमका कुठे शोधायचा

"सुरक्षा नव्हती" एवढे लिहून काही होत नाही. कोणती गोष्ट असायला हवी होती, ती नव्हती, आणि ती असती तर माणूस वाचला असता, ही साखळी दाखवावी लागते.

टँकपासून सुरू करू. पहिला प्रश्न: पाण्यावर नजर ठेवणे हेच ज्याचे एकमेव काम होते असा माणूस त्या क्षणी काठावर होता का? रिसॉर्टची बाजू सर्वांत जास्त वेळा इथेच कोसळते. केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या कोवळममधील हॉटेलात एक पाहुणा स्विमिंग पुलात बुडाला. जीवरक्षक नेमलेला होता, पण त्याच्याकडे बारमध्ये पेये देण्याचेही काम होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेली ६२ लाख ५० हजारांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम केली. जीवरक्षकावर दुसरे काम टाकणे हीच काळजीतली कसूर धरली गेली. आपल्याकडे "जीवरक्षक" म्हणून दाखवलेला मुलगा बऱ्याचदा टॉवेल देतो, गाड्या लावतो आणि जेवणाच्या वेळी वाढपीही असतो. त्या दिवशी तो आणखी काय करत होता हे सोबतच्या पाहुण्यांच्या जबाबात आलेच पाहिजे. त्याचे प्रशिक्षण प्रमाणपत्र मागा. ते कोणत्या संस्थेचे, कोणत्या तारखेपर्यंतचे, आणि त्याच माणसाचे आहे का, हे तपासा.

बुडणारा माणूस सहसा हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला आलेले, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असलेले, असा तो मिनिटाभरात शांतपणे खाली जातो. लहान मूल त्याहून लवकर. म्हणूनच व्यावसायिक जीवरक्षणात दहा सेकंदांत धोका दिसला पाहिजे आणि वीस सेकंदांत तिथे पोहोचले पाहिजे असा दंडक वापरतात. "पाच मिनिटांपूर्वी मी पाहिले तेव्हा सगळे ठीक होते" हे रिसॉर्टच्या बाजूचे विधान खरे तर तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. काठावरून टँकच्या तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर टँक बंद ठेवायला हवा. गढूळ पाण्यात तळाशी पडलेला माणूस दिसतच नाही, शोधायला पाय फिरवावे लागतात. रेन डान्सची माती पायाने टँकमध्ये येते, शनिवार-रविवारी दीडशे माणसे उतरतात आणि फिल्टर मात्र घरगुती आकाराचा असतो, त्यामुळे दुपारनंतर पाणी दुधी होते. क्लोरीन आणि पीएचची रोजची वही असते का ते पाहा. एकाच पेनाने, एकाच बैठकीत महिन्याभराचे आकडे भरलेली वही ओळखू येते, आणि न्यायालयात ती वही नसण्यापेक्षाही वाईट दिसते.

खोलीचे आकडे काठावर फुटांत रंगवलेले असावेत, आणि उथळ भाग संपून उतार सुरू होतो तिथे दोरी हवी. साडेतीन फुटांवरून एकदम सहा फुटांवर जाणारा तळ न पोहणाऱ्याला फसवतो. तळाचे शोषण-छिद्र एकच असेल आणि जाळी तुटलेली असेल तर केस किंवा कपडा ओढला जाऊन माणूस तळाला चिकटतो. दोन छिद्रे किमान तीन फुटांच्या अंतरावर ठेवण्याची पद्धत याचसाठी आहे. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे हवेत आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. काठावर दोरीसह रिंग बॉय (तरंगते कडे) आणि लांब काठी हाताशी असावी. स्टोअररूममध्ये कुलपात ठेवलेली रिंग कामाची नाही.

बाहेर काढल्यावर काय केले हेही महत्त्वाचे. बुडालेल्या माणसाला आधी श्वास हवा असतो: तोंडाने पाच श्वास, मग तीस दाब आणि दोन श्वास. रिसॉर्टची माणसे त्याला पालथा घालून पोट दाबत बसली असतील, किंवा १०८ ला फोन करण्याऐवजी गाडीची चावी शोधत वीस मिनिटे घालवली असतील, तर ती स्वतंत्र कसूर आहे. १०८ ला फोन कधी गेला याची नोंद तिकडे असते, ती तपासात मागवायला सांगा.

आता बोट आणि कयाक. जलाशयाचे पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यातले असते. काठाची जमीन मालकाची असली तरी पाण्यावर व्यवसाय करायला वेगळी परवानगी लागते. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली अशा उपक्रमांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करायची असते. यांत्रिक बोटीला नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकाचा परवाना हे चारही हवेत. हे कागद आहेत का हे माहिती अधिकारात विचारा: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून जलसंपदा, पर्यटन आणि ग्रामपंचायतीला तीन वेगळे अर्ज करा. परवानगी नसणे म्हणजे आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही, मृत्यूशी त्याचा संबंध दाखवावाच लागतो. पण "आम्ही सगळी काळजी घेत होतो" या बचावातली हवा त्याने निघून जाते.

लाइफ जॅकेट घटनेनंतर गायब होतात, म्हणून पंचनाम्यात मोजून घ्या: किती, कोणत्या मापाची, आत वजनाचे लेबल आहे का, पट्टे आणि बकल चालतात का. मोठ्या माणसाचे जॅकेट मुलाला घातले की पाण्यात ते वर सरकून डोक्यावरून निघते, म्हणून मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून पट्टा असतो. टँकमधले फुगवायचे फ्लोट म्हणजे जॅकेट नव्हे.

आणि नदी. "ती आमच्या आवाराबाहेर आहे" हे उत्तर ठरलेले असते. रिसॉर्टने जाहिरातीत नदीकाठ विकला असेल, पायवाट काढली असेल, किंवा त्यांचाच माणूस पाहुण्यांना घाटावर घेऊन गेला असेल, तर हद्दीचा मुद्दा टिकायला अवघड जातो. २८ मे १९९५ रोजी पठाणकोटजवळच्या डलहौसी पब्लिक स्कूलची सहल बियास नदीवर गेली असता १४ विद्यार्थी बुडाले. नदी काही शाळेची नव्हती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येकी पाच लाखांची भरपाई कायम केली, कारण मुले ज्यांच्या देखरेखीखाली होती त्यांची ती जबाबदारी होती.

आपल्या जिल्ह्यात नदीचा सर्वांत फसवा भाग म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातल्यावर वरून सांडणारे पाणी खाली पडते तिथे ते उलटे फिरते. त्यात सापडलेला माणूस पट्टीचा पोहणारा असला तरी पुन्हा पुन्हा धारेखाली ओढला जातो. वरच्या बाजूला पाणी संथ दिसते, पण निघालेल्या बरग्याच्या फटीकडे ओढ जबरदस्त असते. बंधाऱ्याजवळचे रिसॉर्ट "धोका ठाऊक नव्हता" म्हणू शकत नाही, गावातल्या पोराटोरांनाही तो ठाऊक असतो. पावसाळ्यात तर हा बचाव आणखी लंगडा पडतो. राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे धरण भरल्यावर आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी (३९ फूट इशारा, ४३ फूट धोका) त्या काळात रोज जाहीर होते. "अचानक पाणी आले" म्हणणाऱ्याला त्या दिवशीचे जाहीर आकडे दाखवा. आणि बांधकाम निळ्या पूररेषेच्या (नदीकाठच्या बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्याच्या हद्दीच्या) आत आहे का तेही पाहा.

"स्वतःच्या जबाबदारीवर" हा बोर्ड

प्रत्येक टँकवर तो असतोच. "पोहताना काही इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही." त्या बोर्डाने लोक इतके घाबरतात की दावाच करत नाहीत. बोर्ड धोका सांगण्यासाठी असतो, स्वतःच्या निष्काळजीपणातून मोकळे होण्यासाठी नाही. पैसे घेऊन सेवा विकायची आणि त्यातली काळजी एका पाटीने काढून घ्यायची, हे लोकहिताच्या विरुद्ध आहे. चेक-इनला भरून घेतलेल्या फॉर्मचेही तेच. अल्पवयीन मुलाच्या वतीने आईवडिलांनी सही केली असली तरी मुलाचा हक्क त्याने बुडत नाही.

मात्र फॉर्म नेमका असेल, धोका मराठीत समजावलेला असेल आणि रिसॉर्टने स्वतःचे सगळे काम चोख केले असेल, तर त्याला वजन आहे. रात्री अकराला कुलूप तोडून टँकमध्ये उतरणाऱ्याच्या घरच्यांना भरपाई मिळणे कठीण.

दारूचा मुद्दा प्रत्येक केसमध्ये येतो. रक्तात अल्कोहोल निघाले की दावा संपला असे नाही, पण स्वतःच्या दोषाचा वाटा धरून रक्कम कापली जाऊ शकते. उलट प्रश्न विचारा: बिलात दारू आहे का, किंवा बाहेरून आणू दिली का? प्यालेल्याला पाण्यात उतरू न देण्याचा नियम होता तर अडवायला कोण उभे होते?

दावा कोणावर, कुठे, किती

दावा बोर्डवरच्या नावावर करू नका. "हिल व्ह्यू रिसॉर्ट" असल्या नावाला कायद्यात अस्तित्व नसते. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की व्यवसायाचे कायदेशीर नाव मिळते. बिल कच्चे असेल तर यूपीआयचा व्यवहार पाहा: पैसे कोणाच्या नावे गेले? सातबाऱ्यावरून जमीन मालक कळतो. चालक, मालक, मॅनेजर, बोटीचा ठेकेदार आणि विमा कंपनी या सगळ्यांना सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. आपापसात ते काय वाटून घेतात हा त्यांचा प्रश्न.

भरपाईसाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मृताचे वारस तक्रार करू शकतात. पैसे मित्राने भरले असले तरी ज्याने सेवा घेतली तोही ग्राहक धरला जातो. तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते, म्हणजे दुर्घटना मालवणला झाली तरी कोल्हापूरकराला कोल्हापुरात दावा करता येतो. अधिकारक्षेत्र भरलेल्या पैशांवरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नाही. ५० लाखांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगाकडे. त्यामुळे चार हजारांच्या पॅकेजवर ७० लाखांची मागणीही तिथेच होते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्कही नाही. मुदत दोन वर्षे. दिवाणी न्यायालयात १८५५ च्या घातक अपघात कायद्याखाली दावा करायचा तरी मृत्यूपासून दोनच वर्षे. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहत ही मुदत घालवणारी कुटुंबे बरीच आहेत. दोन्ही मार्ग स्वतंत्र चालतात.

मागणीत "सेवेतील त्रुटी" हाच मुद्दा ठेवा. करार अनुचित ठरवून मागू नका, तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे. रिसॉर्टला लेखी म्हणणे द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४६ व्या दिवशी आलेले म्हणणे स्वीकारू नये असा लेखी आक्षेप घ्या.

रक्कम मोटार अपघातांच्या पद्धतीने काढली की आयोगाला पटवणे सोपे जाते. समजा मृत ३४ वर्षांचा, कायम नोकरी, कर वजा जाता महिना ३०,००० पगार, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षाचे ३,६०,०००. चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराला भविष्यातील वाढीचे ५० टक्के धरून ५,४०,०००. चार अवलंबितांमुळे मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरले ४,०५,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६, म्हणजे ६४,८०,०००. अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची रक्कम वेगळी. स्वयंरोजगार असेल तर वाढ ५० ऐवजी ४० टक्के, अविवाहित असेल तर निम्मी वजावट. पगारपत्रक, फॉर्म १६ किंवा तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे जोडा. कागद नसतील तर आयोग अंदाजाने आकडा धरतो आणि तो नेहमी कमीच असतो.

दाव्याशी संबंध नसलेल्या दोन रकमा आहेत, पण त्यांची मुदत छोटी असते. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर पंतप्रधान सुरक्षा विम्याचे दोन लाख. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख, तालुका कृषी अधिकाऱ्यांमार्फत. दोन्हींसाठी तीस दिवसांच्या आत अर्ज द्या. कागद अपुरे असले तरी अर्जाची पोच घेऊन ठेवा.

तडजोडीचा स्टॅम्प पेपर

दहाव्या-बाराव्या दिवसानंतर कोणीतरी मध्यस्थ घरी येतो. दोन-तीन लाख रोख आणि पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला मजकूर. त्यात तीन गोष्टी गुंडाळलेल्या असतात: तक्रार नाही, पोलीस केस मागे घेतो, भविष्यात कुठलाही दावा करणार नाही. यातली मधली गोष्ट तुमच्या हातातच नाही. कलम १०६ चा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही, तो रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही, कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. रिसॉर्टला तुमची संमती तिथे वापरायची असते, म्हणून तिची किंमत मध्यस्थ सांगतो त्याहून बरीच जास्त आहे.

तडजोड करूच नये असे नाही. आयोगातला दावा कायद्यात तीन महिन्यांचा असला तरी प्रत्यक्षात वर्षे खातो, आणि लहान मुले असलेल्या घराला आजचे पैसे लागतात. मग वर काढलेल्या हिशेबाचा कागद समोर ठेवून बोला. रक्कम आरटीजीएस किंवा डिमांड ड्राफ्टने घ्या, मुलांचा वाटा त्यांच्या नावे मुदत ठेवीत टाका. पैसे हप्त्यांनी येणार असतील तर "पूर्ण व अंतिम" हे शब्द शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका.